मोठ्या माणसांचा डबा ऐसपैस: कोल्हापुरात कुठं, कधी आणि कसा?

पेठेतला_पाव्हणा

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा हाय पण विचारायला जरा लाज वाटतीय. चाळिशीच्या आसपासच्या पंधरा-वीस माणसांनी कोल्हापुरात संध्याकाळचं डबा ऐसपैस खेळायचं म्हटलं तर जागा कुठली? टर्फ सांगू नका, तिथं जाळीशिवाय लपायला काय नसतंय आणि वरनं भगभगीत उजेड.

झालं असं की आमच्या दहावीच्या बॅचचं जेवण होतं, कळंब्याच्या पुढं एका मित्राच्या शेतावर. तांबडा-पांढरा वरपून सगळे आडवे झालेले, बायका-पोरं पण होती, आणि पोरांचं भांडण चाललेलं, राज्य कुणावर यावरनं. एकानं उठून चकायला हात पुढं केला, नुसतं भांडण मिटवायला म्हणून, मग दुसऱ्यानं केला, आणि थोड्या वेळात रंगाचा रिकामा डबा खळ्याच्या मधी आणि आम्ही ढेरपोटे गडी चपला हातात घेऊन वाट फुटंल तिकडं पळालेलो.

मी ट्रॉलीच्या मागं, ताडपत्री अर्धी खाली लोंबत होती तिच्या आत. मला वाटलेलं मजा येणार ती पळण्याची, डबा उडवण्याची. पण राज्य ज्याच्यावर होतं तो आमच्यातला सगळ्यात गंभीर माणूस, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलला तर मोजून चार शब्द. तो शोधत शोधत माझ्यापासनं हाताच्या अंतरावर येऊन थांबला. त्याला वाटलं आसपास कुणी न्हाई. आणि गडी स्वतःशीच बोलायला लागला. 'कुठं मेलीत सगळी' म्हणाला, मग हसला, मग पँट वर ओढली, पोट आत घेतलं, परत सोडून दिलं, आणि बारीक आवाजात शिट्टी घालायला लागला. शाळेपासनं ओळखतोय मी त्याला, हा माणूस मी कधी बघितलाच नव्हता. मी श्वास धरून बसलेलो, ताडपत्रीला डिझेलचा आणि ओल्या पोत्याचा वास, मानेवर मुंगळा चढलेला तो सुद्धा झटकला न्हाई.

तर माझं म्हणणं असं की लपण्यातली खरी गंमत ही हाय, आपण नसताना जग कसं चालतंय ते बघायला मिळतंय. एरवी ही सोय कुठं हाय? ऑफिसात, घरात, व्हॉट्सअॅपवर, आपण सगळीकडं कायम हजरच. जागा सुचवा आणि कुणाचा असला अनुभव असंल तर लिवा.

मिसळ_जादा_कट

नाद खुळा धागा काढलास भावा. बायको बाजारची पिशवी घेऊन उभी राहिली की मी गच्चीवर टाकीच्या मागं लपतोय, अजून सापडलो न्हाई.

बरं सिरीयसली सांगतो, पेठेत प्रयत्न पण करू नका. बोळाबोळात चारचाक्या लागल्यात, म्हणजे आडोसा रग्गड हाय, पण रात्री नवाला कुणाच्यातरी गाडीमागं टकल्या माणूस उकिडवा बसलेला दिसला की तालमीची पोरं पहिलं हाणतील आणि मग विचारतील काका काय खेळत होता. वर सीसीटीव्ही हैतच. सकाळी ग्रुपवर व्हिडिओ फिरंल, 'परिसरात संशयित'.

शिस्तीत_राहा

मला यात काही विशेष वाटत नाही. व्यायाम करायचा तर रंकाळ्याला फेरी मारा, पोहायला जा, तालमीत जा. आपल्या गावात राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान बांधून दिलं ते माणसांनी छाती काढून समोरासमोर कुस्ती करावी म्हणून. ट्रॉलीमागं लपून बसायला नव्हे. पन्नाशीला टेकलेली माणसं डब्याला लाथ मारत पळतायत हे चित्रच कसंतरी वाटतं.

मिसळ_जादा_कट

काका छाती काढायची म्हटलं तर आधी पोट आडवं येतंय ओ.

पेठेतला_पाव्हणा

@शिस्तीत_राहा, काका राग मानू नका पण रंकाळ्याची फेरी मी रोज मारतोय, तिथं आख्खं गाव भेटतंय. 'काय पाव्हणं, वजन वाढलं?' 'पोराचं काय झालं अ‍ॅडमिशनचं?' संध्यामठापासनं शालिनी पॅलेसपर्यंत नुसता हात वर करत चालायचं. मला तेच नको हाय.

काकवी

माझं सातवीत बंद झालं. कुणी रागावलं वगैरे नाही, आजी फक्त म्हणाली पुरे आता, मोठी झालीस. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, तो कॉलेजला जाईपर्यंत अंधार पडेस्तोवर गल्लीत खेळत होता. मी गॅलरीत उभी राहून बघायची कोण कुठं लपलंय ते आणि ज्याच्यावर राज्य असेल त्याला डोळ्यानं खुणावायची, तेवढाच माझा सहभाग. भाऊ सापडला की मला बरं वाटायचं हे कबूल करते.

आता आमचा शिवाजी विद्यापीठात सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे, पस्तिशीपासून साठीपर्यंतच्या. साडेआठशे एकरांचा परिसर, झाडी, मोर, तिथं चालताना नेहमी कुणीतरी म्हणायचं की काय जागा आहे गं लपायला. तिथं खेळलो नाही, सिक्युरिटीवाल्यांना उगीच ताप. पण एकीच्या माहेरी गडहिंग्लजकडं जुना वाडा आहे, तिथं मुक्कामाला गेलो आणि रात्री जेवणं झाल्यावर सुरू केलं. पहिली अडचण बांगड्या. हात जरा हलवला की किणकिण. मग रुमाल गुंडाळले मनगटाला. दुसरी अडचण गजरा. मी कणगीच्या मागं इतकी बेमालूम बसलेले, आणि जिच्यावर राज्य होतं ती नाक वर करून सरळ माझ्यासमोर येऊन उभी, 'मोगरा, बाहेर या.' पुढच्या डावाला सगळ्यांचे गजरे तुळशीवृंदावनावर.

पाव्हणे, तुमची थिअरी तुमच्यापुरती बरोबर असेल. माझं जरा वेगळं आहे. त्या कणगीमागं मी बराच वेळ बसलेले आणि तेवढ्या वेळात मला कुणी काही मागितलं नाही. टॉवेल कुठाय, डबा भरला का, आईंची गोळी दिली का. बाहेर मला शोधत होते ते फक्त मी सापडावी म्हणून, माझ्याकडून काही हवंय म्हणून नव्हे. हे शेवटचं कधी झालेलं ते मला आठवेना.

मिसळ_जादा_कट

ताई टाळ्या. आता एक शास्त्रीय प्रश्न. लपायला जागा घावली, मस्त बसलं, श्वास धरला, की त्याच मिनिटाला जोरात लघवीला का येतंय? लहानपणी यायची, आता पण येती. मलाच होतं का सगळ्यांना?

काकवी

सगळ्यांना :)

डॉ_गुडघेदुखे

सगळ्यांना होतं. लपल्यावर मेंदू 'शिकारी जवळ आलाय' असाच हिशोब करतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तळहात गार पडतात, आणि मूत्राशय फारसं भरलेलं नसतानाही भरल्याची जाणीव होते. परीक्षेच्या हॉलबाहेर होतं तेच. त्यात उकिडवं बसलं की पोटाचा दाब वरून. डाव सुरू व्हायच्या आधी जाऊन या, दुसरा उपाय नाही.

पण चाळिशीपुढच्यांना खरा धोका वेगळा आहे आणि तो कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. थंड शरीरानं दहा मिनिटं उकिडवं बसायचं, पायाला मुंग्या, आणि मग एकदम डब्याकडं धूम. पोटरी किंवा मांडीच्या मागचा स्नायू गेलाच म्हणून समजा. माझ्याकडं असे पेशंट क्रिकेटचे येतात, लपाछपीचा अजून आला नाही पण हा धागा बघून वाट बघतोय. आधी पाच-दहा मिनिटं रमतगमत पळा, पोटऱ्या ताणा. लपताना गुडघा टेकवून बसा, उकिडवं नको. मधुमेहवाल्यांनी अनवाणी अजिबात पळायचं नाही, तळपायाची संवेदना कमी झालेली असते, काटा घुसला तरी कळत नाही. आणि चपला हातात घेऊन पळणाऱ्या पाव्हण्यांना काय बोलायचं.

पुण्यात_अडकलेला

ऑफिसमध्ये बसून वाचतोय आणि जीव कासावीस झाला राव. आमचं घर गंगावेशीकडं, शेजारी गवळ्याचा गोठा. मी लपायचो म्हशींच्या मधी. म्हैस एकदा ओळखीची झाली की हलत नाही, रवंथ करत उभी, तिच्या पोटाला पाठ लावली की थंडीत लई उबदार, फक्त शेपटी तोंडावर बसायची. तिथं मला कुणी कधी शोधलं नाही कारण आत यायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग एकदा असं झालं की मी बसलोय बसलोय, आवाज बंद झाले, वाटलं फसवायला गप्प बसलेत, म्हणून अजून गप्प बसलो. धारा काढायला गवळी आला तेव्हा त्यानं सांगितलं की पोरं कवाच घरला गेली. घरी गेलो तर सगळे जेवत होते. कुणी विचारलं पण नाही कुठं होतास. आज हसू येतं पण तेव्हा वरणभात घशाखाली उतरेना.

जुनी_पाटी

मी निवृत्त शिक्षिका, बालमानसशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय होता, त्यामुळे राहवलं नाही. वरचा गोठ्याचा किस्सा वाचून डोनाल्ड विनिकॉट आठवले. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लपून राहण्यात मुलाला आनंद असतो, पण कुणालाच आपण सापडलो नाही तर तो त्याच्यासाठी मोठा आघात असतो. दोन्ही एकाच वेळी हवं असतं. म्हणून तर अगदी लहान मूल पडद्यामागं लपतं आणि पाय बाहेर ठेवतं, आणि आपण 'कुठं गेलं गं बाळ' म्हणत मुद्दाम दुसरीकडं शोधतो तेव्हा खुदुखुदु हसून स्वतःच पत्ता सांगतं.

दुसरी गोष्ट, ही फक्त माणसाची खोड नाही. २०१९ साली बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना माणसांबरोबर लपाछपी खेळायला शिकवलं आणि ते 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. बक्षीस म्हणून खाऊ नाही, नुसत्या गुदगुल्या. उंदीर दोन्ही बाजूंनी खेळायला शिकले, लपायला आणि शोधायलाही. लपायला आरपार दिसणारी खोकी सोडून अपारदर्शक खोकी पसंत करायचे. शोधताना आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात चिवचिवाट, पण स्वतःवर लपायची पाळी आली की एकदम चिडीचूप. आणि सापडल्यावर पुष्कळदा उड्या मारत निसटून पुन्हा लपायचे, डाव लांबवायला. भूक नाही, भीती नाही, शिकारी नाही, तरी खेळायचे.

तेव्हा @शिस्तीत_राहा, पोरकटपणा म्हणायचा तर फार जुना पोरकटपणा आहे.

चिपाड

बाई, आमच्याकडच्या गुळाच्या खोलीतल्या उंदरांनी हा धागा वाचला तर गुदगुल्या मागतील.

पेठेतला_पाव्हणा

बाई, मस्त लिहिलंय. पण मग माझ्या म्हणण्यात ते कुठं बसतंय? मला त्या मित्राला सापडू नये असंच वाटत होतं, अगदी शेवटपर्यंत. तो तिथनं हलला तेव्हा मला वाईट वाटलं, पण ते न सापडल्याचं न्हवं, बघायचं संपलं म्हणून.

जुनी_पाटी

पाव्हणे, तो तुम्हालाच शोधत होता ना पण? तो तिथं शेतमालक म्हणून मोटर चालू करायला आला असता आणि तुम्ही ताडपत्रीमागून त्याच्याकडं बघत बसला असता तर त्याला लपाछपी म्हणत नाहीत. त्याला चोरून बघणं म्हणतात. तुम्हाला जे बघायला मिळालं ते त्यानं खेळ मान्य केला होता म्हणून.

मिसळ_जादा_कट

बाईंनी पट्टी काढली!

काकवी

बाई, हे पटलं. आणि पाव्हणे, तुम्ही त्याला सांगितलंत का पुढं, की तुम्ही सगळं बघितलंत म्हणून?

पेठेतला_पाव्हणा

न्हाई. ते तेवढं माझ्याकडंच ऱ्हाऊ दे.

गडवाट

जागेचं बोला की मंडळी. पन्हाळा. गावापासून वीस किलोमीटर, पडक्या भिंती, तटबंदी, झाडी, तबक उद्यान, पावसाळ्यात धुकं असं की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. आणि अंधारबाव! तीन मजली विहीर, बाहेरून नुसती इमारत वाटते, खाली पाणी आणि तटाबाहेर निघायची चोरवाट. बांधणाऱ्यानं लपण्याचा विचार करूनच बांधलीय.

शिस्तीत_राहा

अजिबात नाही. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यात तो आहे. तिथं वीस जण डबा बडवत तटावरून पळणार? आणि अंधारबावीच्या पायऱ्या ओल्या असल्या की चांगला धडधाकट माणूस घसरतो.

गडवाट

बरोबर आहे तुमचं. डबा मागे घेतो. पण एक सांगतो, लपण्याला तुम्ही वर छाती न काढणाऱ्यांचं काम म्हणालात ते याच गडाला लागू करून बघा. १६६० ला सिद्दी जौहरनं मार्चपासून जुलैपर्यंत वेढा घातला, महाराज आत. जुलैच्या पावसात रात्री विशाळगडाच्या वाटेला लागले आणि दुसऱ्या पालखीत शिवा काशीद, महाराजांसारखाच दिसणारा, तो शत्रूच्या हाती लागला. तोपर्यंत खरी पालखी पुढं. समोरासमोर छाती काढली ती बाजीप्रभूंनी, घोडखिंडीत, पण खिंडीपर्यंत पोचायला आधी अंधार, पाऊस आणि शिवा काशीदच लागला.

मिसळ_जादा_कट

म्हणजे आपण शर्ट बदलून 'कुंभारमडकं' करायचो त्याचा मूळ पुरुष. राज्यवाला शर्ट बघून नाव घ्यायचा आणि आत माणूस दुसराच.

शिस्तीत_राहा

शिवा काशीद यांनी जीव दिला. शर्टाशी तुलना नको.

मिसळ_जादा_कट

खरं हाय काका. शब्द मागं.

पुण्यात_अडकलेला

मसाई पठार पण नको हां, आधीच सांगतो. आम्ही कॉलेजात असताना तिथं लपाछपी खेळायचा प्रयत्न केलेला. गवत घोट्याएवढं, चारी बाजूला आभाळ. सगळे पालथे पडलेले आणि सगळे दिसत होते. राज्यवाला नुसता जागेवर उभा राहून एकेकाचं नाव घेत गेला.

बाय द वे इटलीत मोठ्या माणसांची लपाछपीची जागतिक स्पर्धा भरवलीय लोकांनी, गंमत नाही खरंच. २०१० ला बर्गामोमध्ये चेष्टा म्हणून सुरू झाली आणि मग वाढत गेली. पुढं ती कॉन्सोन्नो नावाच्या ओसाड गावात नेली. त्या गावाची पण स्टोरी आहे, साठच्या दशकात एका बिल्डरनं जुनं गाव पाडून तिथं लास व्हेगाससारखं मौजमजेचं शहर उभं करायला घेतलं, मग १९७६ ला दरड कोसळून रस्ताच बंद झाला आणि सगळं पडून राहिलं. पाच-पाच जणांच्या टीम, मैदानात गवताच्या गंज्या वगैरे आडोसे, आणि लपून झालं की न सापडता पळत येऊन भोज्या गाठायचा. म्हणजे आपलंच सगळं, फक्त जेवायला पास्ता.

डॉ_गुडघेदुखे

आणि जपानमध्ये २०१३ च्या सुमाराला एका प्राध्यापकानं टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ घ्यावा म्हणून मोहीम काढली होती. झालं नाही काही. झालं असतं तर पेठेतली चार पदकं नक्की होती.

चिपाड

आता माझं ऐका. आमचं गुऱ्हाळ हाय करवीर तालुक्यात, गावाचं नाव इथं लिहीत न्हाई, पाव्हण्याला मेसेज करतो. हंगाम संपला की चुलवाण थंड, रस आटवायची काहील उपडी करून ठेवलेली, माणूस कुणी नसतंय. मधी चांगलं मोकळं अंगण. आडोसा म्हणाल तर काहिलीच्या मागं तिघं बसत्यात, पाण्याचा हौद हाय रिकामा, दोन जुन्या बैलगाड्या, ट्रॉली, पडवी, गुळाच्या रव्यांची खोली (ती कुलूप लावून ठेवणार, सांगून ठेवतो).

पण दोन जागा बंद. एक, चिपाडाचा ढीग. लहानपणी आम्ही त्यात गळ्यापतूर शिरून बसायचो, वरनं गोड आंबूस वास आणि आतनं गरम, कुणाच्या बापाला घावायचो न्हाई. पण त्यात घोणस बसती. आता कळतंय म्हणून अंगावर काटा येतोय, तवा काय कळत न्हवतं. दोन, उभा ऊस. शहरातल्या लोकांना वाटतंय उसात शिरलं की झालं. पाल्याची धार गालावर वढली की रक्त, आणि कूस अंगाला लागली की रातभर खाजवत बसशील. आणि उसात आपल्या आधी कोण बसलंय ते आत गेल्यावरच कळतंय. आमच्या अंगाला गवं बी येत्यात कधी कधी. तवा बांधाच्या अलीकडंच खेळायचं, बांध वलांडला की आऊट.

काकवी

चिपाडदादा, तुमच्या पायावर डोकं. स्वच्छतागृह आहे का? मघाचा शास्त्रीय प्रश्न लक्षात घेऊन विचारते.

चिपाड

हाय ताई. दार लागतंय, कडी हाय, लाईट हाय. पाणी मोटर लावून भरून ठेवतो.

पेठेतला_पाव्हणा

चिपाड भावा जिंकलास. मग नियम ठरवून घेऊ, न्हाईतर तिथं जाऊन भांडणं.

डबा रिंगणात. एकजण डबा जेवढा लांब भिरकावता येईल तेवढा भिरकावणार, राज्यवाला तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. दिसला की नाव घेऊन डब्यावर पाय, 'अमका डबा ऐसपैस'. त्याच्या आधी कुणी येऊन डबा उडवला की सापडलेले सगळे सुटले. नाव चुकलं तर राज्य परत त्याच्यावरच. साधी लपाछपी खेळली तर धप्पा चालंल, पण पाठीत हळू, इथं कुणाच्या मणक्याची गॅरंटी न्हाई.

मोबाईल सगळे एका पिशवीत. यावर चर्चा न्हाई.

काकवी

चर्चा आहे. घरी सासूबाई एकट्या असतात, फोन बंद ठेवून मी लपू शकत नाही. आणि असं नाही की मला फोन हवाय, मला तो नकोच आहे, पण कुणाकडं तरी चालू हवा.

पुण्यात_अडकलेला

हेच लिहिणार होतो. मागं इथं पुण्यात ऑफिसच्या लोकांनी एका रिसॉर्टला खेळलेलो, लपल्या लपल्या प्रत्येकानं फोन काढला. अंधारात सगळ्यांचे चेहरे निळे. राज्यवाल्याला शोधायचं कामच उरलं नाही. एकजण तर मीटिंग जॉइन करून बसलेला.

जुनी_पाटी

माझे गुडघे आता पळण्यातले नाहीत. मी अंगणात खुर्ची टाकून बसते, पिशवी माझ्या मांडीवर. कुणाच्या घरून फोन आला की मी उचलेन, खरंच तातडीचं असेल तर नाव पुकारेन, त्या माणसाला टाइम प्लीज. नसेल तर सांगेन की ते आत्ता लपलेत. कच्चा लिंबू म्हणून मला घ्या.

काकवी

बाई, सासूबाईंना 'ती लपलीय' असं सांगणार तुम्ही?

जुनी_पाटी

त्यांचा नंबर द्या, आधी ओळख करून घेते. कदाचित त्याच येतील.

मिसळ_जादा_कट

मला एक शंका. राज्य पहिलं कुणावर? चकायला पंधरा-वीस जण म्हणजे अर्धा तास जाईल.

गडवाट

जो सगळ्यात उशिरा येईल त्याच्यावर. वेळेवर तरी येतील सगळे.

मिसळ_जादा_कट

म्हणजे माझ्यावर. ठरलं.

डॉ_गुडघेदुखे

मी येतो. क्रेप बँडेज आणि बर्फ आणतो. बूट घालून या, लेस घट्ट. जेवण खेळानंतर, आधी नाही, हे पाव्हण्यांसाठी खास.

पेठेतला_पाव्हणा

मग पुढचा रविवार धरायचा? उन्हं उतरली की सुरू, अंधार पडला की एक-दोन डाव, मग भाकरी-रस्सा. वर्गणी नंतर काढू.

मिसळ_जादा_कट

रविवार नको मर्दा, शाहू स्टेडियमला मॅच हाय. पेठ रिकामी असती त्या दिवशी, कोण येतंय लपायला?

पेठेतला_पाव्हणा

आयला हो की. मग शनिवार.

चिपाड

शनिवारी मोटरची लाईट आमच्याकडं दुपारनं असती, पाणी भरून घेतो. चालतंय.

शिस्तीत_राहा

शनिवारी चारचाकी लावायला जागा आहे का तिथं? आणि अंगण किती मोठं आहे, नुसतं बघायला आलं तर बसता येईल ना?

जुनी_पाटी

माझ्या शेजारी दुसरी खुर्ची टाकायला सांगते.

मिसळ_जादा_कट

काका आले की पहिलं राज्य काकांवर!

चिपाड

गाड्या कितीबी लावा. आणि खुर्च्या हैत. पण डबा तुमचा तुम्ही आणायचा, रंगाचा आणा नाहीतर तेलाचा आणा. माझ्याकडं हैत ते सगळे काकवीचे भरलेले डबे हैत, त्याला लाथ लागली तर डाव तिथंच बंद.